छप्पर असणाऱ्यांचा सूर्य

२२ जानेवारी २०२४ रोजी अयोध्येतील प्राणप्रतिष्ठेचा सोहळा आटोपून पंतप्रधान नरेंद्र मोदी राजधानीत परतले आणि त्याच दिवशी एक कोटी घरांच्या छपरांवर सौर पॅनेल बसविण्याचा संकल्प जाहीर झाला. सूर्यवंशी रामाच्या नावाने सूर्योदय योजना, अशी ती सांगड होती. त्यानंतर बरोबर सात दिवसांनी, २९ जानेवारीला, दिल्लीचे तत्कालीन मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांनी आपल्या सरकारचे नवे सौर धोरण पत्रकारांपुढे ठेवले. १ फेब्रुवारीला अंतरिम अर्थसंकल्प मांडताना निर्मला सीतारामन यांनी एक कोटी घरांना दरमहा ३०० युनिटपर्यंत मोफत वीज मिळेल, असे लोकसभेत सांगितले. १३ फेब्रुवारीला योजनेचे नावही बदलले. ‘सूर्योदय’ गेले आणि ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना’ आले. २९ फेब्रुवारीला मंत्रिमंडळाने ७५,०२१ कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. संकल्पापासून मंजुरीपर्यंत अवघे अडतीस दिवस. ज्यांनी केंद्रीय मंत्रालयांत एखाद्या फाइलीला वित्त विभागाच्या शेऱ्यांतून पार होताना पाहिले आहे, त्यांना या वेगाचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. लोकसभेची निवडणूक उंबरठ्यावर होती.

‘सूर्योदय’ जाऊन ‘मुफ्त बिजली’ का आली, याचे उत्तर ऊर्जाशास्त्रात नाही. ते राजकारणात आहे. दिल्लीत ऑगस्ट २०१९ पासून महिना २०० युनिटपर्यंतच्या वापराला शून्य रुपयांचे बिल येते. आम आदमी पक्षाने हीच पुडी पंजाबात ३०० युनिटांपर्यंत वाढवून सोडली आणि जुलै २०२२ पासून ती अमलात आणली. त्याच जुलैत, बुंदेलखंड द्रुतगती महामार्गाच्या उद्घाटनासाठी जालौनला गेलेल्या पंतप्रधानांनी ‘रेवडी संस्कृती’वर कडक टीका केली. वर्षभरात काँग्रेसने कर्नाटकात २०० युनिटांची ‘गृहज्योती’ आणली. मोफत वीज मते मिळवून देते, हे एव्हाना सर्व पक्षांना कळून चुकले होते. प्रश्न एवढाच होता की, रेवडीला नावे ठेवणाऱ्याने रेवडी वाटायची कशी? सौर छपराने तो पेच सोडविला. सरकारने एकदाच भांडवली अनुदान द्यायचे, उरलेले काम सूर्याने करायचे आणि मतदाराच्या हाती शून्याचे बिल पडायचे. दरमहा तिजोरीला गळती नाही आणि ‘मोफत’ हा शब्दही आपला. राजकीय कल्पकता म्हणून या युक्तीला दाद द्यावीच लागेल.

मात्र युक्ती चतुर असणे आणि सामान्य घराला परवडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गेल्या पंधरा वर्षांचा अनुभव तेच सांगतो.

जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर मोहीम २०१० मध्ये सुरू झाली तेव्हा २०२२ पर्यंत २० हजार मेगावॉटचे उद्दिष्ट होते. मोदी सरकारने २०१५ मध्ये ते पाचपट करून एक लाख मेगावॉटवर नेले आणि त्यातील ४० हजार मेगावॉट छपरांवरून यावेत असे ठरविले. २०२२ संपले तेव्हा राजस्थान-गुजरातच्या माळरानांवरील अवाढव्य प्रकल्पांनी आपला वाटा बऱ्यापैकी उचलला होता. छपरे मात्र उद्दिष्टाच्या एक-पंचमांशालाही पोहोचली नव्हती. जी पोहोचली त्यांतलीही पुष्कळशी कारखान्यांची, गोदामांची आणि महाविद्यालयांची होती. कारण उघड आहे. कारखानदाराला वीज महाग पडते, त्याच्याकडे भांडवल असते, बँक त्याला दारात उभे करते. घरगुती ग्राहकाला यांतले एकही लागू होत नाही.

दरम्यान पॅनेलच्या किमती कोसळत होत्या. सौर मोहिमेच्या पहिल्या लिलावांत युनिटला बारा रुपयांच्या आसपास दर आला होता. २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथे तो २ रुपये ४४ पैशांवर आणि डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात १ रुपया ९९ पैशांवर उतरला. मग घरावरची सौरवीज अजून सामान्यांच्या आवाक्यात का नाही, असा प्रश्न सहज पडतो. उत्तर असे की, पॅनेल हा खर्चाचा एक भाग झाला. इन्व्हर्टर, लोखंडी सांगाडा, तारा, भू-जोडणी, मजुरी, कागदपत्रे आणि मीटर बदलण्यासाठी वीज कंपनीच्या कार्यालयात मारलेल्या खेपा यांचा भाव चीनमधील कारखान्यांत ठरत नाही. पाचशे मेगावॉटच्या प्रकल्पात हा खर्च विरून जातो. तीन किलोवॉटच्या छपरावर तो तसाच उरतो.

जुन्या मंडळींना ही अडचण नवी वाटणार नाही. अपारंपरिक ऊर्जेसाठी स्वतंत्र मंत्रालय १९९२ मध्ये स्थापन करणारा भारत हा जगातील पहिला देश, असे आपण अभिमानाने सांगतो. त्याही आधी, ऐंशीच्या दशकात, सौरचुलींवर अनुदान सुरू झाले होते. २००४ ते २००९ या काळात नागपूरचे खासदार विलास मुत्तेमवार या खात्याचे राज्यमंत्री होते आणि त्यांच्याच कारकिर्दीत, २००६ मध्ये, ‘अपारंपरिक’ हा शब्द जाऊन ‘नवीन व नवीकरणीय’ हे नाव आले. त्या काळात सौरकंदील आणि घरदिव्यांवर भर होता आणि अनुदानाचा पैसा बहुधा पुरवठादाराच्या मार्गाने जात असे. परिणामी वस्तू विकली जाई, पण दोन वर्षांनी बॅटरी संपली की तिच्याकडे बघणारे कोणी नसे. कितीतरी सौरचुली माळ्यावर गेल्या.

त्याच दशकात एक निराळा प्रयोग कर्नाटकात झाला आणि त्याची आठवण आज अधिक उपयोगी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २००३ मध्ये कॅनरा बँक आणि सिंडिकेट बँक यांना हाताशी धरले. उपकरणाच्या किमतीत सूट न देता कर्जाच्या व्याजात सूट देण्यात आली. बाराच्या घरातले व्याज पाचावर आणले. चार-पाच वर्षांत वीस हजारांच्या जवळपास घरांत सौरदिवे लागले. पुढे व्याजाची सवलत टप्प्याटप्प्याने काढून घेतली, तरी बँकांनी कर्ज देणे थांबविले नाही, कारण शाखाधिकाऱ्याला एव्हाना हा ग्राहक ओळखीचा झाला होता. सेल्को या कंपनीचे हरीश हांडे यांना २०११ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच प्रकारच्या कामासाठी. हप्ता ग्राहकाच्या मिळकतीच्या चालीने बेतायचा, हे त्यांच्या कामाचे सूत्र होते. फेरीवाल्याकडे रोज थोडे पैसे येतात, शेतकऱ्याकडे सुगीला येतात आणि नोकरदाराकडे एक तारखेला. एकच हप्ता तिघांना लावला की दोघे थकबाकीदार होतात.

सूर्यघर योजनेने या अनुभवातून काय घेतले? काही गोष्टी निश्चित घेतल्या. पहिल्या दोन किलोवॉटसाठी प्रमाणित किंमत ५० हजार रुपये किलोवॉट धरून तिच्या साठ टक्के आणि तिसऱ्या किलोवॉटसाठी ४५ हजार धरून चाळीस टक्के, म्हणजे एक किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा अधिक किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान मिळते. पूर्वीच्या योजनेच्या मानाने ही वाढ मोठी आहे. जुलै २०२२ मध्ये राष्ट्रीय पोर्टल सुरू झाल्यापासून हे पैसे थेट ग्राहकाच्या बँक खात्यात येतात. निविदा काढणारी वीज कंपनी आणि तिने नेमलेला ठेकेदार यांची मक्तेदारी त्यामुळे संपली. दोन लाख रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाविना आणि रेपो दराच्या जेमतेम वर, म्हणजे आरंभी सात टक्क्यांच्या आसपास आणि २०२५ मधील कपातीनंतर सहाच्या जवळ, मिळू लागले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून दहा किलोवॉटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यतेची तपासणीच काढून टाकण्यात आली. वीज कंपनीचा कनिष्ठ अभियंता ‘ट्रान्सफॉर्मरची क्षमता नाही’ एवढ्या एका वाक्यावर अर्ज वर्षभर अडवून ठेवू शकत होता. ते वाक्यच आता गेले. या एका दुरुस्तीने जे साधले ते कदाचित अनुदानाच्या वाढीनेही साधले नसते.

आकडेही हलले. मार्च २०२५ मध्ये दहा लाख घरांचा टप्पा ओलांडला गेला आणि त्या वर्षाच्या अखेरीस वीस लाखांपलीकडे मजल गेल्याचे सरकारी निवेदने सांगतात. एक कोटीसाठी मुदत आहे ती २०२६-२७ या आर्थिक वर्षाची. वेग वाढला आहे यात शंका नाही. अंतर किती उरले आहे, याचे गणितही ज्याचे त्याने करावे.

आता हिशेबाकडे वळू. तीन किलोवॉटची प्रमाणित किंमत १ लाख ४५ हजार. अनुदान वजा जाता ६७ हजार उरतात. सात टक्क्यांनी दहा वर्षांचे कर्ज काढले तर महिन्याचा हप्ता पावणेआठशे रुपयांच्या घरात बसतो. तीन किलोवॉटमधून महिन्याला तीनशे ते साडेतीनशे युनिट वीज निर्माण होते. ज्याचे बिल दरमहा अडीच-तीन हजार येते अशा पुण्यातील बंगलेवाल्याला, नाशिकच्या डॉक्टरला किंवा नोएडातील स्वतःचा मजला असलेल्या निवृत्त सचिवाला हा सौदा पहिल्याच महिन्यापासून फायद्याचा आहे. त्याने अनुदान नसतानाही तो केला असता. फक्त दोन वर्षे उशिरा केला असता.

ज्याचा वापर महिन्याला ऐंशी-शंभर युनिटांचा आहे त्याची गोष्ट वेगळी. आपल्या देशात वीजदर टप्प्याटप्प्यांनी चढतात. तळाच्या टप्प्यातील ग्राहकाला वीज मुळात स्वस्त असते, आणि ती स्वस्त राहावी म्हणून वरच्या टप्प्यातील घरगुती ग्राहक, दुकाने आणि कारखाने जादा दर मोजतात. या परस्पर भरपाईला वीज क्षेत्रात क्रॉस सबसिडी म्हणतात. तळाच्या ग्राहकाने एक किलोवॉट बसविले तर ५० हजारांपैकी ३० हजार परत मिळतील, पण आधी पूर्ण रक्कम किंवा कर्जाचा दहा टक्के स्वहिस्सा तर उभा करावा लागेल. आणि बदल्यात महिन्याला वाचणार चारशे-पाचशे रुपये. दिल्लीत तर तेही वाचणार नाहीत, कारण त्याचे बिल आधीच शून्य आहे. बिहारनेही २०२५ मध्ये ऐन विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर १२५ युनिट मोफत करून टाकले. अशा घरांसाठी केंद्राची मोफत वीज आणि राज्याची मोफत वीज एकमेकींच्या वाटेत उभ्या आहेत. केंद्र सांगते, कर्ज काढा म्हणजे वीज फुकट. राज्य सांगते, काहीच करू नका, वीज फुकटच आहे. शहाणा गृहस्थ कोणाचे ऐकेल?

योजनेच्या आकडेमोडीतच हे कल दिसतात. एक कोटी घरे आणि ३० हजार मेगावॉट, म्हणजे घरामागे तीन किलोवॉट. घरगुती अनुदानासाठी राखून ठेवलेले ६५,७०० कोटी एक कोटींनी भागले तर घरामागे ६५,७०० रुपये येतात. नियोजनकर्त्यांच्या डोळ्यांपुढचे ‘सर्वसामान्य घर’ महिन्याला तीनशे युनिट जाळणारे आणि तीनशे चौरस फूट मोकळी, सावली न पडणारी, स्वतःच्या मालकीची गच्ची असलेले आहे. देशातील बहुसंख्य घरे याच्या निम्म्यानेही वीज वापरत नाहीत. त्यांच्या डोक्यावर पत्रा किंवा कौले असतात. पत्र्याचा सांगाडा पॅनेलचा भार आणि वारा पेलेल की नाही हे आधी पाहावे लागते, आणि कौलारू घराच्या मालकाला पुरवठादार बहुधा परत फोनच करीत नाही.

राज्याराज्यांतील चित्र याला धरून आहे. गुजरात पहिल्यापासून आघाडीवर आहे. तेथे २०१९ पासूनच ‘सूर्य गुजरात’ योजना होती, वीज कंपन्यांची आर्थिक प्रकृती ठणठणीत आहे आणि घराघरांवर काम करून हात बसलेल्या लहान ठेकेदारांचे जाळे गावोगावी तयार झाले होते. केंद्राची योजना आली तेव्हा गुजरातला नव्याने काही शिकावे लागले नाही. महाराष्ट्र दुसऱ्या क्रमांकावर आला आणि राज्यात नागपूर जिल्हा पहिला. उन्हाळ्यात कूलर आणि वातानुकूलनाची बिले भरून जेरीस आलेल्या वैदर्भीयांना सूर्याकडून काही परतावा मिळावा, हे न्यायालाही धरूनच आहे. याउलट झारखंड, बिहार, पश्चिम बंगाल ही राज्ये रेंगाळली. तेथे वीज कमी वापरली जाते, दर कमी आहेत आणि वितरण कंपन्या दुबळ्या आहेत. ज्यांच्याकडे ऊन आहे पण उत्पन्न नाही त्यांच्यापर्यंत योजना जात नाही, असा याचा सरळ अर्थ.

हे ओळखून काही राज्यांनी वरून भर घातली आहे आणि येथेच खरी हालचाल दिसते. उत्तर प्रदेशाने किलोवॉटमागे १५ हजार, कमाल ३० हजार रुपये वाढवून दिले. राजस्थानने तर आपली जुनी मोफत वीज छपराशी बांधून टाकली: दरमहा शंभर युनिटांचे बिल सरकारने भरण्याऐवजी घरावर पॅनेल बसवावे आणि दीडशे युनिट मोफत घ्यावेत, असा प्रस्ताव २०२५ च्या अर्थसंकल्पात मांडला. महाराष्ट्राने त्याच वर्षी ‘स्मार्ट’ या नावाने, म्हणजे ‘स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप योजना’, महिना शंभर युनिटांच्या आतील पाच लाख ग्राहकांसाठी ६५५ कोटींची तरतूद केली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला एक किलोवॉटसाठी केंद्राचे ३० हजार आणि राज्याचे साडेसतरा हजार मिळाले की स्वतःचे अडीच हजारच घालावे लागतात. एक किलोवॉटमधून महिन्याला एकशेवीस युनिटांच्या आसपास वीज होते, म्हणजे शंभर युनिटांचे घर भागून थोडी उरतेही. साताऱ्यातील पाटण तालुक्यातले मान्याचीवाडी हे शंभरएक घरांचे गाव २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम ठरले, तेव्हा ग्रामपंचायत आणि वीज कंपनी यांनी मिळून हे करून दाखविले होते. गाव लहान, एकजीव आणि आधीच पुरस्कारांची सवय असलेले होते, हेही खरे. पाच लाख घरांत प्रत्येक गाव मान्याचीवाडी निघणार नाही.

एवढे सगळे झाल्यावरही एक पक्ष असा आहे की ज्याच्याशिवाय छपरावरचे मीटर फिरत नाही, आणि त्यालाच हे सारे मनापासून नको आहे. तो म्हणजे वीज वितरण कंपनी. नेट मीटरिंगच्या पद्धतीत ग्राहक दुपारी ग्रीडला वीज देतो आणि रात्री तेवढीच परत घेतो. बिल फक्त फरकाचे. कंपनीच्या दृष्टीने दुपारची वीज स्वस्त आणि मुबलक असते, सायंकाळी सातची महाग आणि दुर्मीळ. दोन्ही एकाच भावाने तोलायचे, शिवाय तारा, खांब, ट्रान्सफॉर्मर आणि कर्मचारी यांचा खर्च तसाच चालू ठेवायचा. जो ग्राहक सौर छप्पर घेतो तो बहुधा जास्त दर मोजणाराच असतो. तो गेला की क्रॉस सबसिडीचा एक आधार निखळतो आणि त्याच्या वाट्याचा भार उरलेल्यांवर, म्हणजे छप्पर नसलेल्यांवर, येऊन पडतो. लक्ष्मीनगरमधील एका खोलीत राहणाऱ्याच्या वीजदरातून वसंतकुंजच्या गच्चीला टेकू मिळावा, असा हा उलटा न्याय होऊ शकतो.

नियामक आयोगांनी यावर उतारा शोधण्याचे प्रयत्न केले, पण दर वेळी राजकारण आडवे आले. महाराष्ट्रात २०१९ मध्ये आयोगाच्या मसुद्यात नेट मीटरिंगऐवजी नेट बिलिंगचा, म्हणजे विकलेल्या विजेला कमी आणि घेतलेल्या विजेला पूर्ण दर लावण्याचा, प्रस्ताव आला. ग्राहक संघटना आणि पुरवठादार यांनी एकच गदारोळ केला आणि अंतिम नियमांत घरगुती ग्राहकांचे नेट मीटरिंग टिकले. केरळमध्ये २०२५ साली असाच मसुदा आला आणि असाच गदारोळ झाला. सूर्यघर योजनेत वीज कंपन्यांची नाराजी दूर करण्यासाठी ४,९५० कोटींचा प्रोत्साहन निधी आहे. तो एकदाचा मिळणारा पैसा आहे. महसुलातील तूट पंचवीस वर्षे चालणारी आहे. अधिकाऱ्यांना हे कळत नाही असे नाही. निवडणुकीच्या वेळापत्रकात पंचवीस वर्षांचा रकाना नसतो, इतकेच.

महागाईचे दुसरे मूळ सरकारच्याच दुसऱ्या एका धोरणात आहे. अनुदान हवे असेल तर पॅनेल आणि त्यातील सेल दोन्ही भारतात बनलेले असले पाहिजेत, अशी अट आहे. एप्रिल २०२२ पासून परदेशी पॅनेलवर ४० टक्के आणि सेलवर २५ टक्के सीमाशुल्क बसले. पुढे त्याची फोड बदलली, तरी संरक्षक भिंत कायम राहिली. मान्यताप्राप्त उत्पादकांची यादी वेगळीच. स्वदेशी कारखानदारी उभी राहावी हा हेतू गैर म्हणता येणार नाही. चीनवर विसंबून राहिल्याचे चटके देशाने सोसले आहेत. पण देशात पॅनेल जोडण्याचे कारखाने झपाट्याने उभे राहिले, सेल बनविण्याचे मागे राहिले, आणि देशी सेलचे पॅनेल घरगुती ग्राहकाला बराच काळ महागच पडत आले. एका हाताने ७८ हजार द्यायचे आणि दुसऱ्या हाताने त्यातील काही काढून कारखानदाराच्या झोळीत घालायचे, असा हा व्यवहार आहे. जीएसटीचीही तीच तऱ्हा झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये सौर उपकरणांवरील कर पाचावरून बारा टक्क्यांवर गेला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून पुन्हा पाचावर आला. चार वर्षे ज्यांनी बारा टक्के भरले त्यांनी काय पाप केले होते, हे कोणी सांगितले नाही.

काही जाणकार यापुढे जाऊन मूळ प्रश्नालाच हात घालतात. महाराष्ट्रात कृषी वाहिन्यांसाठी गावालगतच्या जमिनीवर उभारलेल्या सौर प्रकल्पांतून युनिटला तीन रुपयांच्या आसपास वीज मिळते. तोच पैसा अशा प्रकल्पांत घातला तर छप्पर असलेल्या-नसलेल्या सर्वांचेच दर खाली येतील, मग घरोघरी सांगाडे उभारण्याचा अट्टहास कशाला? या युक्तिवादात बळ आहे. त्याला उत्तर असे दिले जाते की, जमीन वाचते, वीज जिथे वापरायची तिथेच तयार होते, वहनातील गळती टळते आणि घरातील माणूस विजेचा हिशेब ठेवू लागतो. उत्तरही खोटे नाही. मात्र छपराच्या बाजूने सर्वांत वजनदार कारण कोणी मोठ्याने सांगत नाही: गावाबाहेरच्या प्रकल्पातून आलेली स्वस्त वीज कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही, गच्चीवरचे निळे पॅनेल शेजाऱ्यालाही दिसते.

ज्यांच्याकडे भांडवल नाही त्यांच्यासाठी एक वाट डिसेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी उघडली आहे. वीज कंपनीने किंवा खासगी ऊर्जा सेवा कंपनीने स्वतःच्या खर्चाने छपरावर प्रकल्प उभारायचा, किमान पाच वर्षे चालवायचा आणि मग घरमालकाच्या स्वाधीन करायचा. घरमालकाने छप्पर द्यायचे, पैसे नाहीत. खासगी कंपनीचे पैसे बुडू नयेत म्हणून शंभर कोटींचा हमी निधीही ठेवला आहे. कागदावर ही योजनेतील सर्वांत न्याय्य तरतूद आहे. तिचे यश पुन्हा त्याच नाखूश वीज कंपनीच्या हाती आहे आणि पाच वर्षांनंतर इन्व्हर्टर बिघडल्यावर दुरुस्त कोण करणार, हा सौरचुलीच्या काळातला प्रश्न नव्या कपड्यांत समोर उभा आहे.

राहता राहिली दिल्ली आणि दिल्लीतील मराठी माणूस. पाण्याच्या टाक्यांवर उड्या मारणारी माकडे आणि कार्तिकापासून पौषापर्यंत पॅनेलवर बसणारी धूळ या येथील दोन खास अडचणी. वीज गेली की ग्रीडला जोडलेले सौर छप्परही सुरक्षेच्या कारणाने आपोआप बंद पडते, हे बहुतेकांना पॅनेल बसविल्यानंतर कळते. तरीही दिल्लीत सवलतींची कमतरता नाही. केजरीवाल सरकारच्या धोरणाने तीन किलोवॉटपर्यंत प्रत्येक निर्मित युनिटमागे पाच वर्षे तीन रुपये देऊ केले. मोफत विजेमुळे मेलेली बचत अशा रीतीने पुन्हा जिवंत करण्याचा तो चतुर मार्ग होता. २०२५ मध्ये सत्तांतर झाल्यावर भाजप सरकारने केंद्राच्या ७८ हजारांवर आणखी ३० हजारांची भर टाकली. तीन किलोवॉटला एकूण १ लाख ८ हजार रुपये. इतके अनुदान फार थोड्या राज्यांत असेल.

पण ते घ्यायचे कोणी? केंद्र सरकारचा अधिकारी सरकारी वसाहतीत राहतो. त्याच्या डोक्यावरचे छत केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याचे असते आणि बदलीचा हुकूम पॅनेलची किंमत वसूल होईपर्यंत थांबत नाही. शिवाय छतेच कमी होत आहेत. सरोजिनीनगर, नेताजीनगर, कस्तुरबानगर येथील दुमजली क्वार्टर्स पाडून बहुमजली इमारती उभारण्याचा कार्यक्रम २०१६ मध्ये मंजूर झाला. दोन घरांना एक गच्ची असे जुने प्रमाण होते. नव्या मनोऱ्यांत अनेक मजल्यांवरच्या घरांना मिळून एक गच्ची, आणि तीवर लिफ्टची यंत्रे, पाण्याच्या टाक्या आणि अग्निशमनाची नळजोडणी. द्वारका किंवा पटपडगंजच्या सहकारी संस्थेत स्वतःची सदनिका असणाऱ्याला सामाईक सुविधांसाठी किलोवॉटमागे १८ हजारांचे अनुदान संस्थेमार्फत मिळते. म्हणजे जिन्यातील दिवे आणि लिफ्ट सूर्यावर चालतील, त्याच्या स्वतःच्या बिलात थेट फरक पडणार नाही. आणि लक्ष्मीनगरला बरसातीत राहून खासगी नोकरी करणाऱ्या सातारच्या किंवा लातूरच्या तरुणाच्या डोक्यावर छत तर आहे, पण ते मालकाचे. मीटर मालकाच्या नावावर, अनुदान मालकाच्या खात्यात, आणि विजेचे पैसे मालक ठरवील त्या भावाने.

छप्पर नसलेल्यांनाही दूरच्या प्रकल्पात वाटा घेऊन आपल्या बिलात वजावट मिळावी, यासाठी आभासी नेट मीटरिंगचे नियम दिल्लीच्या आयोगाने २०१९ मध्येच केले आहेत आणि दिल्लीच्या सौर धोरणात सामुदायिक सौर प्रकल्पांचा स्वतंत्र उल्लेख आहे. त्यासाठी अर्जदाराच्या नावाचे वीजबिल लागते. बरसातीतल्या तरुणाकडे ते नाही.